लांबची वाट

पडद्यावर एक मनगट आहे.
उजवं. हातात तर्रीचा डाव.
पातेल्यातून वर, प्लेटकडे, जरा कलतं होऊन पोह्यांवर,
एवढंच त्यानं करायचं आहे.
साठ अंशांचं काम.
ते तीनशे अंश फिरतं,
उलटं, कोपरापासून पिळून,
तर्री भिंतीवर उडवत
(भिंत आम्ही अजून काढलेली नाही),
आणि बरोबर जागी येऊन थांबतं,
काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.
मनगटाला चेहरा नसतो, हे अकराव्या दिवशी
लक्षात राहत नाही.

मे महिना. पारा शेहेचाळीसवर.
खिडकीतल्या कूलरला पाणी कमी, आवाज जास्त.
निकेश म्हणतो, मॅडम, जुने तीन कोन वापरू ना,
सगळे तेच वापरतात.
मी नाही म्हणते.
मी तरुणपणी एका गुणाकारावर भाळले
आणि आता त्याला सोडून द्यायचं वय राहिलं नाही.

त्या गुणाकारात क्रमाला किंमत असते.
अ नंतर ब म्हणजे एक प्रतल,
ब नंतर अ म्हणजे तेच प्रतल, पाठ फिरवून बसलेलं.
आदिबिंदू कुठला, असं पाहुणे विचारतात,
त्यांना वाटतं झीरो माइल जवळच आहे तर सोपं असेल.
माझ्याकडे आदिबिंदू इतरांसारखाच एक बिंदू.
त्याला घोडे नाहीत.

आणि फिरणं असं वेगळं काही नसतंच.
दोन आरसे असतात.
एकात पाहा, मग त्या प्रतिमेला दुसऱ्यात पाहा,
ती वळलेली असते,
आरशांमधल्या कोनाच्या दुप्पट.
हे मला पुस्तकात कळलं नाही.
महालातल्या एका सलूनबाहेर भावाची वाट पाहत होते,
त्याच्यापुढे एक आरसा, मागे एक जरा तिरपा,
आणि त्याचं अर्धवट कापलेलं डोकं
वळत वळत हिरवट काळोखात चाललेलं.

देवाजी कूलरचा पंप बघायला आला.
चाळणीतला गाळ काढला, वाळा झटकला,
आणि ओल्या हातांनी पडद्यासमोर उभा राहिला.
मनगटानं पुन्हा वळसा घातला.
"काहून जी मॅडम," तो म्हणाला,
"बर्डीवरून धरमपेठले जायाचं,
तं कामठीवरून कायले नेऊन राहिले त्याले?"

निकेश हसला.
मी हसले नाही.

प्रत्येक वळणाची दोन नावं असतात,
एक धन, एक ऋण,
कुठल्याही नावानं हाक मारा, वळण तेच ओ देतं.
बारा वर्षं शिकवते मी हे.
फळ्यावर लिहिते, भोवती चौकट काढते.
आणि सुरुवातीचं मनगट मी धन नावानं लिहिलं होतं,
शेवटचं ऋण,
मधली वाट यंत्रानं शोधायची.
यंत्र बिचारं नावापर्यंत चालत गेलं.
पत्ता जवळचा होता, नाव लांब होतं.

एक ओळ लिहिली.
दोघांचा मेळ शून्याखाली गेला तर चिन्ह बदल.
डाव उठला, कलला, थांबला.
पंपही सुरू झाला होता तेवढ्यात,
कोणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर
मी देवाजीला रिकामी प्लेट घेऊन दाखवलं:
तळहातावर आडवी, न कलवता,
बगलेखालून एक पूर्ण फेरी.
प्लेट परत आली, हात पिळलेलाच.
आता डोक्यावरून दुसरी फेरी, त्याच दिशेनं.
हात सरळ.
"दोनदा फिरल्याबिगर हात घरी येत नाही," मी म्हटलं,
"हेच कालचं गणित."

त्यानं मान हलवली, विचार केला,
बोटं चाटली.
"रिकाम्या प्लेटनं कोणीबी करन.
तर्री भरून करून दाखवा."

टपरीवाल्याचा डाव हवेत थांबला.
निकेशनं फोन बाहेर काढला.
मी बाही कोपरावर सारली.