आगाऊ

दोन वर्षांचं भाडं एकदम,
चावी हातात पडण्याआधी.
टेशीत असंच चालतं.
कायद्यात सहाच महिने लिहिलेत,
पण कायद्याला कुणी खोली देत नाही.

एसिनामनं चौदा हजार चारशे सेडी
काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतून नेले होते,
वर चार कांदे ठेवून,
चोराला वाटावं बाजार करून आली.
लार्तेईंनी नोटा दोनदा मोजल्या
आणि कांदेही ठेवून घेतले.

अकरा महिने ती त्या खोलीत
दिवसा झोपली, रात्री वॉर्डात जागली.
महिना संपला की उशाच्या भिंतीवर
पेन्सिलची एक रेघ.
कर्जदार मारतो तशीच,
फक्त उलट्या बाजूनं:
ती देणं फेडत नव्हती,
घेणं वसूल करत होती,
झोपून झोपून.

मग पत्र आलं. बदली.
गावाचं नाव हो.
आपण म्हणतो तसंच, हो.
सरकारी नर्सला त्यावर नाही म्हणता येत नाही.

"राहिलेल्या तेरा महिन्यांचे..."
वाक्य तिनं अर्धंच सोडलं.
आपल्याकडे एक शब्द आहे:
वेळेआधी दिलेले पैसे, ते आगाऊ,
आणि ते परत मागायला दारात उभी राहिलेली पोर,
तीही.
लार्तेईंच्या गा भाषेत असा शब्द असेल, नसेल.
भुवया मात्र तेच म्हणाल्या.

"चल, तुझे पैसे दाखवतो."

जिन्याला कठडा नव्हता.
वर उघड्या आभाळाखाली
खांद्याएवढ्या चार भिंती,
गंजून वाकलेल्या सळया,
सळयांवर कुणाचा तरी ओला परकर.
"ही पूर्वेची भिंत तुझी.
या दोन खालच्या शिंप्याच्या.
खिडकीचे अजून कुणी भरले नाहीत.
छत पडलं की खोली भाड्यानं देईन,
दोन वर्षांचे एकदम घेईन,
त्यातून तुझे."

म्हातारा खोटं बोलत नव्हता,
हीच पंचाईत.
खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं.

एसिनामनं भिंतीला तळहात लावला.
दुपारभर ऊन प्यायलेली भिंत
एकशे दोन ताप असलेल्या पाठीसारखी.
"एक ब्लॉक कितीला पडला?"
"आठ सेडी. का?"
तिनं मनात भागाकार केला. नऊशे पंचाहत्तर.
कोपऱ्यात रचून ठेवलेले, अजून न लागलेले,
एकशे दहा.
"मग हेच द्या.
उरलेल्याची चिठ्ठी लिहा."

लार्तेई हसले.
तिच्याकडे बघून हसायचे थांबले.
मग खाली जाऊन चष्मा घेऊन आले.

सुरण उतरवून रिकामा परतणारा ट्रक
ब्लॉक भरून हो ला निघाला.
त्याआधी ती एकदा वर जाऊन आली,
पूर्वेच्या भिंतीवर तेरा रेघा मारून.
गिलावा झाला की दिसणार नाहीत.
पण उद्या तिथं जो कुणी पलंग टाकील
त्याच्या डोक्यामागे राहत असतील
तिचे तेरा महिने,
भाडं चुकतं केलेले.

वाटेत आठ फुटले.
बाकीचे हो मध्ये अंगणात पडून आहेत.
एकावर बसून ती ड्यूटीचे बूट काढते,
दोनांमधल्या फटीत कोंबडी अंडी घालते.
नवी घरमालकीण, मामा डेलाली,
अधूनमधून विचारते,
काय करणार आहेस गं यांचं?
एसिनाम चिठ्ठी जपून ठेवते:
येणे बाकी आठशे पासष्ट ब्लॉक, सही लार्तेई.
उत्तर मात्र देत नाही.

महिन्याचं भाडं महिन्याला देते,
शेवटच्या तारखेला, संध्याकाळी,
एक दिवसही आगाऊ नाही.