धाकटे मालक ओसरीवर असताना

त्या साली लष्करात, जनकगंजात, मला पगार पंचवीस रुपये
आणि शिष्य एकच.
मसूरला तो नाथा होता, विटीनं पुढचा दात पाडून घेतलेला.
ग्वाल्हेरच्या फलाटावर उतरला तो उदाजीराव.
होम झाला, पेढे वाटले,
जुनं नाव कुणाच्या तोंडी राहू नये म्हणून
सोबत आलेल्या गड्याला दुसऱ्याच दिवशी परतीचं तिकीट.

दिवाणजींनी बजावलेलं : विलायतेचा इतिहास आधी.
उद्या रेसिडेंट साहेबानं विचारलं तर अडायला नको.
मी शिकवला. पांढरा गुलाब, तांबडा गुलाब,
तीस वर्षं एकाच घराण्यानं सांडलेलं घरचंच रक्त.
"म्हंजे भावकीच की, मास्तर?"
भावकीच.
"बांधावरनं?"
मुकुटावरून, म्हटलं.
बांध त्याला जास्त पटला असता.

देवडीवर तेव्हा दोन पहारे :
एक बाईसाहेबांचा, एक धाकट्या मालकांचा.
दत्तकाची कैफियत दरबारात धूळ खात पडलेली
आणि मुदपाकखान्यात त्याच्या दुधातलं घोटभर
आधी मांजराला.

मग तो धडा आला.
बारा वर्षांचा राजा. नवाचा भाऊ.
नदीकाठी दगडी बुरूज.
बाप गेलेला, सांभाळायला काका.
आधी अंगणात खेळताना दिसत,
मग गजांआड,
मग कमी कमी,
मग
"मग?"
पुस्तकातलं पुढचं वाक्य राज्याभिषेकाचं होतं.
काकांच्या.

त्यानं टाक दौतीत बुडवला, तसाच धरून ठेवला.
"त्यांनी हाक नाही मारली?
आपल्याकडच्यानं तर मारलीवती. पुण्यात."

ओसरीवर धाकटे मालक सुपारी कातरत होते.
अडकित्ता थांबला.
मी गळ्यावरचा घाम पुसला.
अडकित्ता पुन्हा सुरू.

तिकडे थंडी फार, मी म्हणालो,
खिडक्या लावलेल्या असतात,
हाक बाहेर पोचत नाही.

वहीत लिहून घेतलं त्यानं तेही,
मी सांगेन ते सगळं घ्यायचा तसं,
वळणदार, शाईचा एक डाग पाडून.
मग उठला आणि रस्त्याकडच्या खिडकीची
कडी काढली.

वैशाख होता. लू आत आली,
राजांची वंशावळ टेबलावरून उडून
कुठल्याशा कोपऱ्यात गेली.
मी ती उचलली नाही.
खिडकीही लावली नाही,
तो शिकला तोवर, एकदाही.