मागचा जिना

दहा वाजता पुलापाशी जमतात सगळे,
टोप्या, पाण्याच्या बाटल्या, कोरे बूट.
मी म्हणते, हे झमालेक. नाईलच्या पोटातलं बेट.
दोन्ही काठांवर कैरो ओरडत असतं
आणि मध्ये हे, कानात कापूस घालून बसल्यासारखं.
हसतात. हे वाक्य दर शनिवारी चालतं.

मग वकिलाती, भिंतींवरून सांडलेली बोगनवेल,
खेदिवाच्या काळातले वड,
ज्यांच्या पारंब्या हल्ली पार्किंगच्या पाट्या गिळतात.
मग तो महाल, पाहुणी सम्राज्ञी यायची म्हणून बांधलेला.
आता हॉटेल.
गल्लीच्या या तोंडाला जपानी, त्या तोंडाला इटालियन,
मध्ये एक बेकरी, जिथे पावालासुद्धा आडनाव असतं
आणि निम्मी किंमत आडनावाची.

कुणीतरी विचारतंच, इथलं असं काही मिळतं का?
मिळतं ना. शेवटचा थांबा तोच.

सतरा नंबर. संगमरवरी पायऱ्या, जाळीची लिफ्ट,
दारात बाकावर इद्रिस,
ज्याचं गाव लहानपणीच धरणाखाली गेलं.
हे मी गटाला सांगत नाही.
मला पाहून तो जरा जास्तच अदबीने उठतो.
खोडी आहे ती त्याची.
त्याने मला पाहिलंय, सात वर्षांची,
आईच्या मागे, हातात भाजीच्या ओल्या जुड्या,
मागच्या लोखंडी जिन्याने चढताना.

पहिला मजला. इंजी हानिमचं घर.
पाशाची नात, मी सांगते. एकसष्टमध्ये जमिनी गेल्या,
मग चांदी, मग पियानो,
तरी दुपारी दोनला टेबलावर कडक इस्त्रीचा रुमाल.
इस्त्री कुणाची, ते कुणी विचारत नाही.
बसीमाची. माझ्या आईची.

आता इथे रेस्तराँ. नाव, ‘हानिम’.
भिंत पाडून स्वयंपाकघर उघडं केलंय.
पूर्वी ते दोन दारांआड असायचं,
लसणाचा वास दिवाणखान्यात जाऊ नये म्हणून.
आता त्याच वासाचे पैसे लावतात.

सगळ्यांसाठी मुलूखिया मागवते.
हिरवी, बुळबुळीत, भेंडीची लांबची बहीण.
दंडभर गोंदलेला शेफ, पोरगाच तो,
तुपात लसूण टाकतो, धणे टाकतो.
याच क्षणी आई श्वास आत ओढायची, ‘हा!’,
कुणी गेल्याची बातमी कळावी तसा.
नाही ओढला तर पानं तळाला बसतात, म्हणायची.
हानिम आतून ओरडायची,
“बसीमा, तुझ्या धसक्याने मी मरेन एक दिवस!”

एकदा आई तापाने पडली
आणि हानिम स्वतः चुलीपाशी उभी राहिली.
मी दाराआड.
फोडणी ओतताना तिने मागे वळून पाहिलं,
कुणी नाही ना,
आणि ओढला श्वास. एवढासा. चोरून.

पोरगा फोडणी ओततो. चर्र.
बाकी काही नाही. त्याच्या कानात गाणी.
आणि माझ्याच छातीतून, भर गटासमोर,
‘हा!’
एक बाई पाण्याची बाटली पुढे करते.
शेफ एका कानातलं बोंडूक काढतो,
पातेल्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो.
“उशीर झाला,” म्हणतो, “ओतून झाली.”

चव बरी होती. लसूण जरा कच्चा.

सगळे गेल्यावर मी पायऱ्या उतरते, संगमरवरी.
इद्रिस म्हणतो, “मघाशी बसीमा आली होती वाटतं.”
“खालपर्यंत ऐकू आलं?”
“मागच्या जिन्याने आलं,” तो म्हणतो
आणि पुन्हा बाकावर बसतो,
नदीकडे पाठ करून.