दुसरी दारू

ऑगस्टचा शेवटचा शनिवार. दुकान बंद करायच्या जरा आधी
अन्सेल्मो गोइकोआ आला,
टोपी काढून काउंटरवर उताणी ठेवली
आणि म्हणाला, दारू मोजायचं यंत्र दाखव.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.
चाळीस वर्षं या माणसानं काडतुसं भरली ती
पितळी चमच्यानं, तराजूवर डोळा ठेवून,
शेवटचा कण तर चिमटीनं.
यंत्रवाल्यांना म्हणायचा,
घाई असेल त्यानं कोंबड्या पाळाव्यात,
एल्कच्या मागे डोंगर चढू नये.

मी तीन यंत्रं काढून मांडली.

पहिलं विजेचं. आकडा दाबला की गुणगुणत दाणे टाकतं,
वजन भरलं की शिटी मारतं.
त्यानं एकच शिटी ऐकली.
माझा कुत्रासुद्धा एवढा आगाऊ नाही, म्हणाला.

दुसरं हलकं, स्वस्त, प्लास्टिकचं.
शोशोनची हवा कोरडी, फणी फिरवली की केस उभे राहतात;
तशीच दारू नळीच्या भिंतीला चिकटून बसली.
टिचकी मारली. थोडी पडली, थोडी नाही.
हे उधारी ठेवतं, म्हणाला.

तिसरं बिडाचं, हिरवा रंग कडांना उडालेला,
हॅल्सी ट्रेंबथ गेल्यावर त्याच्या बायकोनं विकायला ठेवलेलं.
पोटात फिरणारा ढोल, ढोलात एक खड्डा,
दांडा वर, खड्डा भरतो;
दांडा खाली, रिकामा.
लांब दाण्याची दारू असली की मध्येच एखादा दाणा कचकन तुटतो
आणि ते हाताला कळतं,
घासात खडा यावा तसं.

डबा त्यानं घरूनच आणला होता.
पहिली काही मापं परत वर ओतली,
दारूला बसायला वेळ लागतो,
नवख्या पाहुण्यासारखी अवघडून असते.
मग दहा मापं. प्रत्येक तराजूवर.
दांडा डाव्या हातानं ओढत होता.
उजवा मांडीवर होता, थरथरत.
मी पाहिलं, आणि बिलाच्या वहीत डोकं घातलं.

सातवं माप जड भरलं.
बाहेरून मेंढ्यांचा ट्रक गेला होता,
त्याची मान वळली, हात क्षणभर थांबला होता.
बघ, म्हणाला, हे दारू मोजतच नाही.
हात मोजतं.

मग बराच वेळ गप्प.
एक दारू सुटून सव्वीस वर्षं झाली, म्हणाला,
ही दुसरी.
पण दोघींचं एकच.
"अजून जराशी" म्हणणाऱ्याची
एक घर घेते, एक बोटं.

मापात पाप नको म्हणतात
ते दुकानदाराला उद्देशून म्हणतात, मला माहीत आहे.
तरी मी उगाच तराजूचा काटा पुसला.

दांडा डावीकडे लावता येतो?
येतो, मी म्हटलं. ढोल काढायचा, उलटा घालायचा.
आणि फार समजूतदार आवाजात जोडलं,
तुमच्या हाताला सोपं जाईल.

माझ्या?
तो हसला, सगळे दात दाखवून, त्यातले दोन चांदीचे.
इत्झियार डावखुरी आहे. नात.
या वर्षी परवाना मिळतोय तिला.
चमचा देऊन पाहिला, कंटाळते,
आणि कंटाळली की मोजणं विसरते.
पण नाचाच्या रविवारी खंजिरी घेते ना,
अर्धा अर्धा तास,
ठेका केसभर हलत नाही.
तिला चमचा नको. तिला हे हवं.
आठ दिवस डाव्या हातानं सराव करतोय मी,
तिला काय सांगायचं ते कळावं म्हणून.

मी ढोल उलटा घातला. स्क्रू जरा कुरकुरले.
त्यानं चिकटपट्टी मागून घेतली, बिडावर लावली,
वाकड्या अक्षरांत लिहिलं:
टेबलावर एका वेळी एकच डबा.
उठताना पोट रिकामं.

मग स्वतःच ते पाळलं.
दारू डब्यात परत ओतली, झाकण आवळलं,
माझी टॉर्च घेऊन नळीत डोकावला.
एक दाणा राहिला होता.
बोट जिभेला लावलं, आत घातलं,
तो दाणा घेऊन बाहेर आलं.
उजवं बोट.
थरथरत होतं का, ते मी पाहायला हवं होतं.
मी दाण्याकडे बघत होते.