घोस

मार्केट यार्डात, गुळाच्या गाळ्यापुढं,
सौद्याची घंटा व्हायच्या आधीच
काट्याच्या साखळीला सातेरी माश्यांचा घोस लटकलेला,
चांगला पायलीभर.
तोलायचं कसं?
कल्लाप्पा चौगल्यानं डोक्यावरची चुंबळ काढून खाली टाकली,
म्हणाला, "थांबा की. त्यांचं अजून ठरंना झालंय."

मी पट्ट्या लिहिणारा दिवाणजी.
दिवसभर भाव लिहितो, कुणी ठरवला ते लिहीत नाही.
सौदा दुपारवर गेला, म्हणून बघत बसलो.
एक माशी यायची, घोसाच्या अंगावर
थरथरत तिरकी चालायची, वळायची, पुन्हा तीच रेघ.
बाबालाल मुल्लाणीनं दिशा पकडली:
भुईकाट्यामागची चिंच, तिच्यातली ढोली.
दुसरी नाचायची ती बंद पडलेल्या डीपीच्या पेटीसाठी.
सकाळी डीपीवाल्या जास्त होत्या.
हमालांनी चहाच्या पैजा लावल्या. मी डीपीवर.

उन्हं चढली तशा एकेक गप्प होत गेल्या.
कुणी कुणाला पाडलं असं काही दिसलं नाही.
दमली ती थांबली,
थांबलेली उडाली, चिंच स्वतः बघून आली,
आणि मग नाचली.

राणी आत कुठंतरी असणारच.
तिला कुणी विचारलं नाही.

तीनच्या सुमाराला आवाज बदलला,
काहिलीत रस उकळीला येताना बदलतो तसा,
अन् अख्खा घोस सुटला.
साखळी हलकी होऊन नुसतीच डुलत राहिली.
चिंच.

मग अडते बाहेर आले, घंटा झाली.
हमालीचा वाढीव दर चार महिने अडकलेला.
त्यावर सभा झाल्या होत्या,
एका सभेत तर अध्यक्षांची खुर्चीच मोडली.
आज कुणी चकार शब्द काढला नाही.
कल्लाप्पाची चुंबळ सकाळपासनं तिथंच पडलेली.
बाबालालनं आपली तिच्याशेजारी ठेवली.
मग तिसरी. मग रांगेतल्या पोरानं,
इकडं तिकडं बघत, चौथी.
फडक्याला कसला आलाय आवाज.
सतरापर्यंत मोजल्या, मग मोजायचं सुचलं नाही.
गुळाचे रवे गाडीतच घाम गाळत राहिले.

मालक म्हणाले, "दिवाणजी, नाव लिहा.
सुरू कुणी केलं?"

पेन उघडलं, मिटलं, उघडलं.
पहिली चुंबळ तर माश्यांपायी खाली आलेली.
शेवटी गादीवरनं उठलो,
त्या ढिगापर्यंत चालत गेलो, बघून आलो.
परत गेलो.

चहाचे तेवीस कप
अजून माझ्याकडं निघतात.