शिखर, पाच फूट बाय साडेतीन

पत्र फाल्गुनात आलं, मल्लेशम दिकोंडांच्या नावे.
चाळीस वॉल हँगिंग, पाच फूट बाय साडेतीन,
सरहद्दीवरच्या कुठल्याशा पलटणीच्या मेससाठी.
सोबत शिखराचा एक फोटो,
मागे पेन्सिलीनं लिहिलेलं : उजवी सोंड दाखवू नये.

शिखराला नाव नव्हतं. आकडा होता,
आमच्या लाइटच्या मीटरवर असतो तसा.

नायनांनी चष्मा कपाळावर सारला.
"सोलापुरात उंच म्हणजे काय बे?
कारखान्याची चिमणी. तीबी पाडली."

मग ग्राफ पेपर पसरला.
पांढरं सूत आमच्याकडे दोनच तऱ्हांचं :
धुतलेलं, न धुतलेलं.
फोटोतला बर्फ त्यांनी भिंगाखाली मोजला, 
जिभेचं टोक दातांत धरून. अकरा पांढरे भरले.
"रंगानं नाही जमणार. उचलीनं पाडायचा बर्फ."
कुठला धागा वर राहतो, कुठला खाली बसतो,
तेवढाच काय तो उजेड.

मी कार्डं ओवत होतो, दोन हजार चारशे.
दारात विड्या वळता वळता आईनं विचारलं,
तिकडं माणसं राहतात का रे?
फोटोत एक ठिपका होता.
चौकी असेल, नाहीतर धूळ.
नायनांनी त्याला एक चौकोन दिला. काळा.

उजवी सोंड गाळली.
पण आडवा धागा मध्येच थांबत नाही,
काठापर्यंत जातो, वळतो, परत येतो.
इथवरच, असं धोट्याला कोण सांगणार?

पहिला नग उतरला तेव्हा बाहेर त्रेचाळीस होतं.
गाठी बघायला मी तो उलटा केला
तर मागंही शिखर.
बर्फ काळा, आभाळ पांढरं,
गाळलेल्या सोंडेची रिकामी जागा डावीकडे,
आणि ठिपका पांढरा,
कुणी नुकताच दिवा लावल्यासारखा.

नायना बोटानं चाचपत राहिले.
"हे मी काढलं नव्हतं," म्हणाले.
"आपोआप आलं."

चाळीस गेले. एकेचाळिसावा,
मध्येच धागा तुटलेला, घरी राहिला.
आईनं तो दाराला लावला,
गल्लीला सुलटी बाजू, आम्हाला उलटी.
दुपारी त्यावर पाणी मारते.
वारा आला की खोली जरा निवते,
खाली घमेल्यात शिखर ठिबकत राहतं.

नळ पाच दिवसांआड.
घमेलं भरलं की ती तेच पाणी
पुन्हा वर मारते.