नियम चौथा

नऊ रात्रींचे अकरा हजार चारशे फोटो
दसऱ्याला दुपारी बारापर्यंत द्यायचेत.
दांडिया बाजारात, झेरॉक्सवाल्याच्या वरची आमची खोली.
छताचा पंखा हळू,
कॉम्प्युटरचा पंखा जोरात.

हेमंतदादाने कार्डं टेबलावर ओतली
खिशातल्या सुट्ट्या नाण्यांसारखी
आणि खुर्चीतच झोपला,
पायांना अजून
अकोट्याच्या मैदानातली माती.

हाताने मी आता काही करत नाही.
करत बसले असते तर
पुढची नवरात्र उजाडली असती.
मी नियम लिहिलेत.
पहिला: हॅलोजनचा पिवळा थोडा निळ्याकडे ओढा.
दुसरा: क्षितिज वाकडं असेल तर सरळ करा.
गरब्याच्या मैदानाला क्षितिज कुठलं,
कनातीची कड असते,
यंत्र तिलाच क्षितिज धरतं
आणि मीही वाद घालत नाही.
तिसरा: लांब बाजू दोन हजार ठिपके,
उजव्या कोपऱ्यात आमचं नाव, पुसट.
चौथा: डोळे मिटलेले असतील
तर फोटो बाजूला.

चौथ्याने श्रावणातले दोन रविवार खाल्ले.
म्हणून तो लाडका.
लोक उघड्या डोळ्यांचे पैसे देतात.

पावणेचारला बटण दाबलं.
खाली फाफडा-जलेबीच्या रांगा लागत होत्या,
कढईतल्या तेलाचा वास जिन्यापर्यंत.
पाव किलो घेऊन वर आले तेव्हा
पट्टी त्रेसष्ट टक्क्यांवर होती
आणि माझ्याशिवाय सगळं नीट चाललं होतं.

साडेनऊला मंडळाचे भावेशभाई फोनवर:
बेन, बधा सरस छे. पण जशुकाका क्यां?

जशुकाका. मैदानाच्या मधोमध मंचावर,
हार्मोनियमपाशी, नऊच्या नऊ रात्री.
जन्मापासून दिसत नाही त्यांना.
सगळं मैदान त्यांच्याभोवती फिरतं
आणि ते मान किंचित डावीकडे कलवून
ढोलाची वाट पाहतात.

बाजूला काढलेलं फोल्डर उघडलं.
शिंकणारे, पापणी लवलेले,
ओढणी तोंडावर आलेली एक मुलगी,
आरतीच्या धुरात डोळे चोळणारं पोर,
आणि मग ते.
सत्तावन्न.
नऊ कुर्ते, इस्त्रीच्या घड्या मोडायच्या राहिलेले,
कुणीतरी रोज संध्याकाळी
पलंगावर काढून ठेवले असणार.
प्रत्येकाखाली यंत्राने लिहिलेलं:
मिटलेले, नव्व्याण्णव टक्के.

चुकलं नव्हतं ते.
सांगितलं तसंच केलं,
एकदाही न थकता.

गेल्या वर्षीपर्यंत मी हाताने निवडायचे,
आणि काका दरवर्षी अल्बममध्ये असायचे.
मी त्यांना निवडल्याचं मात्र
मला काही केल्या आठवेना.
बाणाच्या बटणावरचं बोट
आपोआप थांबत असेल तिथं,
मला न विचारता.

पाचवा नियम लिहायला घेतला:
जशुकाका असतील तर सोडा.
अर्ध्यात थांबले,
कारण त्याच फोल्डरात, तीन फोटो पुढे,
एक म्हातारी होती, पायात चप्पल नाही,
टाळी हवेत, डोळे घट्ट,
तोंड गरब्याच्या शब्दावर उघडं.
हिच्यासाठी सहावा?
त्या ओढणीवालीसाठी सातवा?

नियमाची फाईल बंद केली.
एकेक फोटो उघडत गेले.

हेमंतदादा जागा झाला. झालं?
होतंय, म्हटलं.
फाफडा गार झालाय, खाऊन घे.
त्याने घड्याळ पाहिलं, मग माझा पडदा,
काही बोलला नाही, खुर्ची जवळ ओढली.

भावेशभाई म्हणाले होते, काकी दरवर्षी एक मागून नेतात,
भिंतीवरचा जुना काढून नवा लावतात,
काकांना सांगतात कुठला कुर्ता आहे ते.

उजव्या कोपऱ्यातलं आमचं नाव
नेमकं त्यांच्या बोटांवर येत होतं.
ते काढलं.
सत्तावन्न वेळा.